अपेक्षित प्रश्नांच्या बाहेरचं

४ फेब्रुवारी

प्रिय कारागीर,

तुझ्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख तुला कळलीच असेल. सतरा मार्च. त्याच आठवड्यात मलाही इथल्या कचेरीत बोलावलंय. त्यांचं पत्र मी प्रयोगशाळेत उघडलं, रक्ताच्या नळ्या यंत्रात लावता लावता, आणि एक वाक्य वाचून हातातली नळी परत स्टँडमध्ये ठेवली. आपलं लग्न खरं आहे की फक्त तुला इकडे आणण्यापुरतं केलंय, अशी त्यांना शंका आहे.

आधी खूप राग आला. मग विचार केला, त्यांच्या टेबलावर आपण कसे दिसत असू? बायको पदवीधर, परदेशी हॉस्पिटलात नोकरीला. नवरा आठवी पास, सोफे आणि गाद्या भरणारा. लग्न नोंदणी कचेरीत, मोजक्या माणसांसमोर. लग्नाला महिना व्हायच्या आत बायको विमानात. फोटो दोनच. एकात तू कॅमेऱ्याकडे बघतोयस आणि मी घड्याळाकडे, दुसऱ्यात आपण दोघंही त्या कारकुनाकडे बघतोय, जणू त्याच्याशीच लग्न लागतंय. एकमेकांकडे बघतानाचा एकही नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं.

पण खऱ्याला भ्यायचं कशाला? माझा नियमांवर विश्वास आहे. नियम माणूस बघत नाहीत, म्हणूनच तर आमच्यासारख्या घरातली मुलगी इथवर आली. फक्त तयारी हवी. आमच्याकडे माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, आणि मी पुढे गेले ती हुशारीनं नाही, तयारीनं. प्रत्येक परीक्षेआधी मी अपेक्षित प्रश्न काढायचे, उत्तरं लिहायचे आणि तोंडपाठ करायचे. आतापर्यंत एकदाही फसले नाही.

तसेच प्रश्न काढून सोबत पाठवतेय. मीही हीच उत्तरं देणार आहे, म्हणजे दोघांत फरक पडायला नको. नमुना बघ:

प्रश्न : तुमची पहिली भेट कशी झाली?
उत्तर : आमची घरे एकाच गल्लीत समोरासमोर असल्याने पूर्वपरिचय होता. परिचयाचे रूपांतर पुढे परस्पर आदरात झाले.

प्रश्न : तुमच्यात भांडणे होतात का?
उत्तर : किरकोळ मतभेद होतात, परंतु ते आम्ही चर्चेने सोडवतो.

सगळं पाठ कर. पहिल्यांदा नाही म्हणाले तर एकच संधी उरते. तीही गेली तर पुन्हा अर्ज करता येत नाही. मग नोकरी सोडून मी तिकडे परत यायचं, नाहीतर तू तिथे आणि मी इथे असं म्हातारं व्हायचं. मला दोन्ही नकोय.

तुझी,
पदवीधर


१९ फेब्रुवारी

प्रिय पदवीधर,

साठ प्रश्न! लग्नाच्या वेळी त्या कारकुनानं दोनच विचारले होते, तेव्हाही मला घाम फुटला होता.

पाठांतर सुरू केलंय. कागद दुकानात भिंतीवर खिळ्याला अडकवलाय. स्प्रिंगा बांधताना एक प्रश्न, फोम कापताना एक. गिऱ्हाईक रेक्झिनचा रंग विचारतं आणि मी म्हणतो, "परस्पर आदरात झाले." घरी आई परीक्षा घेते. तिला वाचता येत नाही, तरी कागद हातात धरून समोर बसते. म्हटलं, "तुला कसं कळणार मी चुकलो ते?" तर म्हणते, "चुकलास की लहानपणापासून तू कान खाजवतोस. त्याला अक्षर कशाला वाचायला हवं?"

पण दोनचार उत्तरांवर माझी हरकत आहे. "पूर्वपरिचय" कसला डोंबलाचा? पहिल्यांदा बोललीस ती खिडकीतून ओरडून. "ओ, ती ठोकाठोकी बंद करा, माझी परीक्षा आहे!" मी हातोडी फडक्यात गुंडाळून दिवसभर खिळे मारले. हे सांगू का? आणि "पत्नीला कशाची भीती वाटते?" यावर तू लिहिलंयस, "कशाचीच नाही." मग गल्लीतलं ते लंगडं कुत्रं दिसलं की तू माझ्या दुकानात शिरायचीस, ते काय गादीचा भाव विचारायला?

शेजारचा औषधवाला रोज विचारतो, "काय, गेला नाहीत अजून?" त्याच्याकडेच आपला फोन येतो, त्यामुळे त्याला तोडून बोलता येत नाही. काल म्हणाला, "शिकलेली बायको आणि उंच गेलेला पतंग, दोरा हातात आहे तोवर आपला." मी हसलो. पण बघ, लवकर कर काहीतरी.

आईची काळजी करू नकोस. मी निघालो की ताईकडे राहायला जाईन म्हणते. ताईच्या नवऱ्याला अजून कल्पना नाही.

तुझा,
कारागीर


३ मार्च

प्रिय कारागीर,

तुझं पत्र वाचून हसले आणि मग मला झोप लागली नाही. अरे, ही गंमत नाही.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईच्या नवऱ्याला नकार आला. तिच्या लग्नाच्या फोटोंचे तर तीन अल्बम आहेत. नकाराचं कारण काय, तर तो म्हणाला बायको चहात साखर घेते, ती म्हणाली घेत नाही. साखरेवरून! ती रोज माझ्या शेजारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते, आणि मधेच मान वर करून नुसती भिंतीकडे बघते. मी तिच्याशी काय बोलणार?

म्हणून म्हणते, खिडकीतून ओरडल्याचं सांगू नकोस. लग्नाआधी भांडण होतं असं लिहून घेतील. कुत्र्याचं तर मुळीच नको. उद्या मला कुत्रा कुठला, रंग कोणता, पाय कुठला लंगडा असं विचारलं तर? मला आठवत नाही. मी त्याच्याकडे कधी नीट बघितलंच नाही, पळतच असायचे. जे दोघांनाही सारखं सांगता येईल तेवढंच बोलायचं. जसं लिहिलंय तसं. एक शब्द इकडे नको, एक तिकडे नको.

मी दोन माणसांना पुरेल अशी खोली घेतली आहे. घरमालकीण विचारते, "दुसरं माणूस कधी?" मी म्हणते, "लवकरच." कपाटाचा एक खण रिकामा ठेवलाय. दर रविवारी तो पुसते, धूळ नसली तरी.

नीट जा. सदरा इस्त्रीचा घाल. आणि कान खाजवू नकोस.

तुझी,
पदवीधर


२१ मार्च

प्रिय पदवीधर,

पार पडलं!

खोली छोटी होती, खिडकी नाही. एक साहेब, एक दुभाषी बाई आणि मी. साहेबाची खुर्ची एका अंगाला झुकलेली होती, आतली स्प्रिंग गेलेली. मला सारखं तिकडेच बघावंसं वाटत होतं, पण नजर समोर ठेवली. त्यानं विचारायचं आणि मी म्हणायचं. धाडधाड. कुठे अडखळलो नाही. "चर्चेने सोडवतो" म्हटलं तेव्हा दुभाषी बाईनं माझ्याकडे जरा बघितलं. तुझ्या साठांतले एकतीस आले. तू काढलेले प्रश्न म्हणजे काय, त्यांनाच विकत द्यायला हवेत.

शेवटी एखाददुसरा वरचा प्रश्न विचारला, किरकोळ. त्याचं काही विशेष नाही.

आईनं शेजारीपाजारी सांगून टाकलं की मुलगा पहिला आला. औषधवाल्यानं विचारलं, "कितीपैकी किती?"

आता तू सांग, तुझं कसं झालं?

तुझा,
कारागीर


१० मे

प्रिय कारागीर,

माझंही तुझ्यासारखंच झालं होतं. धाडधाड. आनंदानं बाहेर आले आणि चालतच घरी गेले.

आज त्यांचं पत्र आलं. नकार नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. लिहिलंय की पती-पत्नींनी वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या दिवशी दिलेली उत्तरं शब्दाला शब्द जुळतात. खरं जोडपं असं बोलत नाही, ही उत्तरं पढवलेली आहेत आणि म्हणून लग्नाबद्दलची शंका वाढली आहे. पानभर कारणं आहेत, क्रमांक घालून. आता चोवीस जूनला शेवटची मुलाखत. दोघांची एकाच दिवशी, एकाच वेळी, तू तिथल्या कचेरीत आणि मी इथल्या. दोन्ही अधिकारी मधे फोनवर एकमेकांशी बोलून ताडून बघणार.

मी सगळ्यांना सांगत आले की अभ्यास केला की माणूस पास होतो. मी अभ्यास करून आपल्याला नापास केलं.

पण रडत बसले नाही. चूक कुठे झाली ते कळलंय, तर ती सुधारता येते. आपली उत्तरं जास्तच जुळली, म्हणजे ती थोडी न जुळायला हवीत. मी नवे प्रश्न काढलेत आणि प्रत्येकाला दोन उत्तरं लिहिलीत, एक तुझं, एक माझं. दर पाच प्रश्नांमागे एक किरकोळ फरक. उदाहरणार्थ, लग्नाच्या दिवशी मी निळी साडी नेसले होते, तू हिरवी म्हण. तू चहा दोनदा घेतोस, मी तीनदा म्हणेन. फरक असा हवा की नवऱ्याबायकोत असतो तेवढाच. फार मोठा नको. पाठ कर.

आणखी एक. त्या पानभर कारणांत सातवं असं आहे: "पत्नीने आपल्याशी विवाह का केला, या प्रश्नावर अर्जदार उत्तर देऊ शकला नाही." हा प्रश्न तुला विचारला होता? तू मला लिहिलं नाहीस. मला विचारला तेव्हा मी म्हटलं, त्यांचे विचार प्रगत आहेत आणि त्यांनी माझ्या शिक्षणाला नेहमी पाठिंबा दिला. तू गप्प का बसलास? एवढं साधं सांगता आलं नाही?

लगेच उत्तर दे.

पदवीधर


२६ मे

पदवीधर,

तुझा नवा कागद मी खिळ्याला लावला नाही. घडी घालून परत पाठवतोय. बघ, पाकिटात आहे.

साडी निळी होती. हिरवी म्हणणार नाही. माझ्याकडे त्या दिवसाची एकच गोष्ट नीट आहे, ती निळी साडी. तीही तू मागतेस.

आधी म्हणालीस, खऱ्याला भ्यायचं कशाला. ते बोललो तर पढवलेलं ठरलं. आता म्हणतेस खोटं बोल, म्हणजे खरं वाटेल. मी गाद्या भरतो गं, मला दोन्हीतलं एकच काहीतरी जमतं.

गप्प का बसलो ते विचारतेस. साहेबानं एकतीस प्रश्न झाल्यावर कागद बाजूला ठेवला. झुकलेल्या खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "एवढी शिकलेली बाई. तिनं तुमच्यात काय पाहिलं?" मी भिंतीवरचा तुझा कागद मनातल्या मनात वरपासून खालपर्यंत वाचला. नव्हतं. साठ प्रश्नांत तू हा काढलाच नव्हतास. मग म्हटलं, आपल्याला आपलं माहीत असेल. तेही नव्हतं. मला खरंच माहीत नाही. मी म्हटलं, "ते तिलाच विचारा." तो लिहीत बसला.

आता तू काय उत्तर दिलंस ते कळलं. प्रगत विचार. पाठिंबा. शाळेतून निघताना हेडमास्तर देतात तसा चांगल्या वर्तणुकीचा दाखला. तू अभ्यास करत होतीस तेव्हा मी हातोडी फडक्यात गुंडाळली, एवढाच माझा पाठिंबा. त्यावर कोणी लग्न करतं का?

औषधवाल्याला मी इतके दिवस हसून सोडलं. परवा नाही हसलो.

कारागीर


१४ जून

प्रिय कारागीर,

तीनदा फोन केला. औषधवाले म्हणाले, दुकान बंद आहे. पाठीमागे तुझी ठोकाठोक ऐकू येत होती.

गेल्या आठवड्यात मी तुला एक पत्र टाकलं. ते आलं तर न वाचता फाड. त्यात मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर मुद्दे काढून लिहिलंय. टाकून आल्यावर माझी मलाच लाज वाटली. हे पत्र चोवीस तारखेच्या आत पोचेल असं वाटत नाही, तरी लिहिते.

मी खरं कारण कधी कोणाला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नाही. शिकलेल्या बाईला शोभणारं नाही. लोक घराणं बघून लग्न करतात, नोकरी बघून, रूप बघून. मी एका खुर्चीमुळे केलं.

शेवटच्या वर्षाला होते. घरी स्थळं येत होती. एक जण येऊन माझ्या गुणपत्रिका उलट्यासुलट्या करून बघून गेला, दुसऱ्यानं बाबांना विचारलं की मुलीला चारचौघांत बोलू देता का. सगळे वरून चकचकीत. अशाच एका दुपारी, पाहुणे गेल्यावर, मी खिडकीत बसले होते. समोर तू वकिलांची मोठी खुर्ची पूर्ण केली होतीस. कापड चढवलं होतं, शिवण घातली होती, बटणं बसवली होती. मला वाटलं आता हात झाडून चहा पिशील. तू उभा राहिलास. खुर्चीकडे कितीतरी वेळ बघत राहिलास. खाली वाकून हात फिरवलास, पुन्हा उभा राहिलास. आणि पातं घेऊन शिवण उसवलीस. सगळी! आतलं भरण हातानं बाहेर काढलंस, पिंजून फेकून दिलंस, आणि नवं भरायला घेतलंस.

वरून ती खुर्ची उत्तम होती. आतलं कोणालाही, कधीही दिसणार नव्हतं. वकील तर त्यावर नुसते बसणार होते. तरी तुला आतलं पटलं नाही म्हणून तू पुन्हा केलंस. मी तिथेच ठरवलं की लग्न करायचं तर या माणसाशी. नंतर बाबांशी भांडले, आईनं अबोला धरला, मैत्रिणी म्हणाल्या तुझं डोकं फिरलंय. प्रत्येक वेळी मी डोळे मिटून ती खुर्ची बघायचे.

इथे एखादा नमुना शंकेचा वाटला आणि पुन्हा तपासायचा कंटाळा आला, तरी तेच करते.

हे तुला आधी सांगायला हवं होतं. चोवीसला त्यांनी विचारलं तर हेच सांगणार आहे. तू काय सांगशील ते मला माहीत नाही, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी तुला काही लिहून दिलेलं नाही. मला फार भीती वाटतेय.

तुझी,
पदवीधर


२७ जून

प्रिय पदवीधर,

तुझं चौदा तारखेचं पत्र आज आलं, त्याआधीचं अजून नाही. मुलाखत झाल्यावर. आधी आलं असतं तर काय केलं असतं, हा विचार सकाळपासून करतोय. फोनवर हे सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहितो. सगळं वाच आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

तीच खोली, तोच साहेब, तीच दुभाषी बाई. टेबलावर फोन. आधी इकडचं तिकडचं विचारलं. मी मला आठवेल तसं सांगत गेलो. साडी निळी म्हटलं. तुझ्या आत्याचं नाव आठवलं नाही, तसं सांगितलं. मग फोन वाजला. साहेब बराच वेळ ऐकत होता, मधे लिहीत होता. फोन ठेवला आणि दुभाषी बाईला सांगायला लागला.

ती खुर्चीचीच गोष्ट होती. तू तिकडे सांगितलेली. बाईंनी ती इतकी छान सांगितली, की मला त्या खुर्ची उसवणाऱ्या माणसाचा हेवाच वाटला. म्हटलं, असं आहे होय. म्हणून होय. इतके दिवस उगाच घोर लावून घेतला.

साहेब म्हणाला, "असं झालं होतं का? तुम्ही ती खुर्ची का उघडलीत?"

पदवीधर, "होय साहेब, आतलं पटलं नाही म्हणून" एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. तुझं उत्तर, माझं उत्तर, जुळलं की झालं. दार उघडं होतं गं. नुसतं आत पाऊल टाकायचं.

मी म्हटलं, "खुर्ची खरी. उसवली तेही खरं. पण माझी वाकडी सुई सापडत नव्हती."

बाई माझ्याकडे वळल्या. मला हळूच म्हणाल्या, "नक्की हेच सांगू?"

"सांगा," म्हटलं. "शिवण घालून झाली आणि बघतो तर सुई नाही. वाटलं, आतच राहिली. वकील बसायचे आणि भलत्या जागी टोचायची, मग आमच्यावरच खटला. म्हणून सगळं उसवलं. भरण पिंजून पिंजून बघितलं, त्याचा पार चोथा झाला, म्हणून नवं भरावं लागलं. सुई त्यात नव्हतीच. आईनं जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाली, कॉलरला काय टोचून घेतलंयस? काखेत कळसा नि गावाला वळसा."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "तुमच्या पत्नीला हे माहीत आहे?"

"आता कळेल."

"म्हणजे तिनं चुकून तुमच्याशी लग्न केलं?"

मी म्हटलं, "तसं म्हणायला हरकत नाही. पण आता झालं ते झालं."

बाई हसल्या, साहेब नाही. त्यानं पुन्हा फोन उचलला आणि मला बाहेर बसायला सांगितलं. नंतर आत बोलावलंच नाही. शिपायानं येऊन सांगितलं, जा, कळवू.

का बोललो असं, मला सांगता येत नाही. तू मनात धरलेला माणूस फार चांगला आहे. पण तिकडे आलो असतो आणि रोज सकाळी उठून मला तो व्हावं लागलं असतं. तुझे साठ प्रश्न मी पाठ केले. हे मला झेपलं नसतं.

आई माझ्याशी बोलत नाही. म्हणते, "फुकट मिळालेला मान कोणी परत करतं का, गाढवा?" औषधवाल्याला काही सांगितलेलं नाही. त्यानं विचारलंही नाही, यावरून माझा चेहरा कसा असेल ते बघ.

नकार आला तर तो माझा आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. आणि खुर्चीवाला माणूस नाही म्हटल्यावर तुला दुसरं काही ठरवायचं असेल, तर मी अडवणार नाही.

कारागीर


२ ऑगस्ट

प्रिय कारागीर,

मी मुद्दाम इतके दिवस लिहिलं नाही. निकाल आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. शिवाय मला तुझा राग आला होता. अजून थोडा आहे.

तुझ्या इथे तू बाहेर बाकावर बसलास, तेव्हा इथे माझ्यासमोरच्या अधिकारी बाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचे पती म्हणतात, ते सुई शोधत होते."

मी ताडकन म्हटलं, "खोटं! तो लाजतोय. तुम्हाला माहीत नाही तो कसा आहे. मी स्वतः खिडकीतून बघत होते, त्याला काय विचारता?"

बाई म्हणाल्या, "असं सांगण्यात त्यांचं नुकसान आहे. खोटं कशासाठी सांगतील?"

मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. एकदम सगळं आठवलं, तू वाकलास ते, हात फिरवलास ते, भरण पिंजत होतास ते. सगळं तसंच होतं, फक्त त्यातला माणूस वेगळा होता. कपाळाला आठ्या घालून, घाबरून सुई शोधणारा. आई, बाबा, मैत्रिणी, सगळ्यांशी मी या सुईसाठी भांडले! मला रडू येईल असं वाटलं, आणि त्या गंभीर खोलीत मला हसू यायला लागलं. थांबेना. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

मग त्या म्हणाल्या, "मी प्रश्न पुन्हा विचारते. हे कळल्यावर, तुम्हाला या माणसाबरोबर राहायचं आहे, त्याचं कारण काय?"

मी शोधलं, कारागीर. मनापासून शोधलं. प्रगत विचार आठवले, पाठिंबा आठवला, मुद्दे काढून ठेवले होते तेही आठवले. एकही तोंडातून बाहेर निघेना. आणि मी म्हटलं, मोठ्यानं, परक्या बाईसमोर, जे मी तुलासुद्धा कधी म्हटलेलं नाही: "मला तो हवाय." म्हणून झाल्यावर कान गरम झाले. बाईंनी ते वाक्य तसंच लिहून घेतलं. मी अक्षरं उलटी वाचली.

घरी आल्यावर वाटलं, घालवलं सगळं. पदवी घेऊन एवढंच उत्तर? तुझं पत्र आलं तेव्हा तर खात्रीच झाली. तू अडवणार नाहीस म्हणतोस. तुला कोणी विचारलं होतं?

आज पाकीट आलं. प्रयोगशाळेत उघडलं नाही. घरी नेलं, बूट काढले, हात धुतले, मग उघडलं. तुला परवानगी मिळाली आहे.

मी कागद उलटा करून बघितला, मागे काहीतरी असेल म्हणून. काही नाही. शंका घेताना त्यांनी पानभर कारणं दिली होती, क्रमांक घालून. होकार एका ओळीचा आहे आणि त्यात कारण नाही. उद्या साखरेवाल्या बाईला कसं सांगायचं, हे मात्र अजून कळत नाही.

तिकीट काढ. आईंना ताईंकडे पोचव, आणि ताईंच्या यजमानांना आधी सांग, ऐनवेळी नको. औषधवाल्यांना मात्र काही सांगू नकोस, एक दिवस दुकान बंद दिसेल तेव्हा कळेल त्यांना. प्रवास लांबचा आहे. विमानात शेजारचा माणूस विचारेल, कुठे निघालात, बायको काय करते, कशी आहे. तुला वाटेल ते सांग. मी तपासणार नाही.

तुझी,
पदवीधर